वारसा कोणाचा, वाटा कोणाचा?

पिंपळगाव बसवंत हे गाव मोटारसायकलींसाठी प्रसिद्ध नाही. ते कांद्यासाठी, टोमॅटोसाठी आणि द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागूनच जातो, निफाड तालुक्याच्या कानाकोपऱ्यातला शेतकरी येथील बाजार समितीत येतो, आणि द्राक्षाचा हंगाम बरा गेला की त्याची पहिली खूण पुष्कळदा घरापुढे उभ्या राहणाऱ्या नव्या दुचाकीतच दिसते. त्यामुळे दुचाकींच्या बाजारात जे घडते त्याचे पडसाद येथे लवकर उमटतात. गेली काही वर्षे या गावात, आणि अशाच शेकडो बाजारपेठांच्या गावांत, एक वाद रंगतो आहे. जुन्या, नामवंत, 'वारसा' सांगणाऱ्या मोटारसायकल कंपन्यांनी लहान आणि तुलनेने स्वस्त गाड्या काढल्या, हे चांगले झाले की वाईट? वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद आहे. परंतु त्याच्या पोटात मालकी, श्रम आणि मूल्य यांचे जे प्रश्न दडले आहेत ते हौशी मुळीच नाहीत. म्हणूनच परिवर्तनवादी कार्यकर्त्याने त्याकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही.

आधी वस्तुस्थिती. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल एनफील्डने 'हंटर ३५०' ही आपल्या नेहमीच्या गाड्यांपेक्षा हलकी आणि आटोपशीर गाडी दीड लाखाच्या आतबाहेरच्या किमतीला बाजारात आणली. जुलै २०२३ च्या ३ तारखेला हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी नावाची, पण हीरो कंपनीने घडविलेली ४४० सीसीची गाडी २ लाख २९ हजारांना आली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ जुलैला, ट्रायम्फ या इंग्रजी नावाची 'स्पीड ४००' २ लाख ३३ हजारांना आली. पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना तीत आणखी दहा हजारांची सूट होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्याच जातीची 'स्पीड टी ४' २ लाख १७ हजारांना निघाली. ज्या नावाची गाडी तोवर सहा-सात लाखांच्या खाली फारशी सापडत नसे, ते नाव असे एकदम खाली उतरले. आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही इंग्रजी नावाची गाडी पुणे जिल्ह्यात चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते. दोन्ही कंपन्यांनी जानेवारी २०२० मध्ये पुण्यात करार जाहीर केला, तो एकमेकींचे भागभांडवल न घेता केलेला सहकार्याचा करार होता. नाव आणि आराखड्याची परंपरा एकाची, कारखाना दुसऱ्याचा.

या गाड्यांविषयी स्वारांमध्ये दोन तट पडले आहेत. पहिला तट जुन्या जाणकारांचा. त्यांचे म्हणणे असे की ही गाडी फार हलकी आहे, एकाच सिलिंडरची आहे, तिच्या आवाजात तो जुना भारदस्तपणा नाही, आणि चाकणला बनलेल्या यंत्रावर विलायती नाव कोरल्याने ते विलायती होत नाही. नाव स्वस्त झाले, म्हणजे भ्रष्ट झाले, हा त्यांच्या तक्रारीचा इत्यर्थ. दुसरा तट तरुणांचा. जे नाव केवळ भिंतीवरच्या चित्रात पाहिले होते ते आता हप्त्यावर का होईना घरी आणता येते, गाडी चपळ आहे, वळणावर हुकमी आहे, मग तक्रार कसली? मोठ्यांची मिरासदारी मोडली, हे त्यांच्या आनंदाचे सूत्र. या दोन तटांच्या मधोमध काही शहाणी माणसे सुटे भाग कुठे मिळतील आणि दुरुस्ती कोण करील, असे साधे प्रश्न विचारीत असतात. त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

पहिल्या तटाची तक्रार प्रथम तपासून पाहू. ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ट्रायम्फने १९५० च्या दशकात 'टेरियर' ही १५० सीसीची आणि 'टायगर कब' ही २०० सीसीची गाडी काढली होती. इंग्लंडातले कितीतरी तरुण त्या लहान गाड्यांवरच स्वारी शिकले. रॉयल एनफील्डने दुसऱ्या महायुद्धात १२५ सीसीची एक चिमुकली गाडी सैन्यासाठी बनविली. ती विमानातून छत्रीने खाली सोडीत. आपल्याकडे मद्रासच्या एनफील्ड कारखान्याने १९८० च्या दशकात ५० सीसीची 'सिल्व्हर प्लस' विकली, २०० सीसीची 'मिनी बुलेट' विकली. तेव्हा लहान गाडी हा परंपरेचा भंग नव्हे. लहान गाडी ही परंपरेचीच एक शाखा आहे. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना परंपरा ठाऊक नसावी, हा प्रकार केवळ मोटारसायकलींच्या बाबतीत घडतो असेही नाही.

मग या तक्रारीचे खरे कारण कोणते? अर्थशास्त्रात त्याचे उत्तर जुने आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दाखवून दिले की काही वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर इतरांना दिपविण्यासाठी विकत घेतल्या जातात. फ्रेड हर्श याने १९७६ मध्ये त्याच्या पुढची पायरी मांडली. ज्या वस्तूचे सुख ती इतरांपाशी नसण्यात असते, ती वस्तू सर्वांना मिळाली की तिच्यातले सुख संपते. जुन्या स्वारांचे दुःख नेमके हे आहे. त्यांची गाडी कालच्याइतकीच चांगली चालते. परंतु शेजारच्या मळ्यातला पोर तेच नाव टाकीवर मिरवीत महामार्गावर येतो, हे त्यांना सहन होत नाही. आणि 'चाकणची गाडी' म्हणून जो उपहास होतो, त्यात तर निव्वळ गुलामी मनोवृत्ती आहे. इंग्रज कारागिराने घट्ट केलेला बोल्ट आणि खेड तालुक्यातल्या कामगाराने घट्ट केलेला बोल्ट यांत काही फरक असेल तर तो मापाने सिद्ध करावा लागेल. कातडीच्या रंगाने नव्हे. चाकणच्या याच गाड्या युरोपात विकल्या जातात आणि तेथील गिऱ्हाईक त्या पैसे मोजून घेते. इंग्रज गेल्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही आपल्याच माणसाच्या हाताला कमी लेखणे ही जाणकारी नव्हे.

आता दुसरा तट. 'मिरासदारी मोडली' हा त्यांचा दावा ऐकायला गोड आहे, पण तोही अपुरा आहे. २ लाख ३३ हजार ही रक्कम निफाड तालुक्याच्या हिशेबात किती होते? कांद्याला क्विंटलमागे १५०० रुपये भाव धरला, तर ती सुमारे १५५ क्विंटल कांद्याची किंमत झाली. त्यातून बियाणे, खत, मजुरी, वाहतूक आणि अडत वजा केलेली नाही. ज्या जुलै महिन्यात ही गाडी बाजारात आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्ट २०२३ ला, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. भाव पाडण्याची सत्ता दिल्लीपाशी, हप्ता भरण्याची जबाबदारी मात्र पिंपळगावपाशी! ज्या तरुणाचे उत्पन्न एका अधिसूचनेने अर्धे होऊ शकते त्याने तीन वर्षांच्या हप्त्यांवर सही करावी आणि त्याला लोकशाहीकरण म्हणावे, हा शब्दांचा दुरुपयोग आहे. उपभोग खाली झिरपला. सत्ता झिरपली नाही.

तेव्हा एक तट म्हणतो की नाव आमचे होते, ते तुम्ही हिरावले. दुसरा म्हणतो की नाव आता आमचेही झाले. दोघेही नावावर हक्क सांगतात आणि दोघेही फसलेले आहेत. कारण नाव या दोघांचेही नाही. नाव कंपनीचे आहे, आणि कंपनीने ते कसे मिळविले हा इतिहास जाहिरातीत येत नाही. तो येथे सांगणे भाग आहे.

ट्रायम्फची पहिली मोटारसायकल १९०२ ची. कोव्हेंट्री शहरातला तिचा कारखाना १९४० च्या जर्मन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला आणि १९४२ मध्ये जवळच्या मेरिडन या गावी नवा उभा राहिला. १९५९ ची प्रसिद्ध 'बॉनव्हिल' तिथलीच. पुढे जपानी स्पर्धेने इंग्रजी दुचाकी उद्योग खिळखिळा झाला. नव्या मालकांनी सप्टेंबर १९७३ मध्ये मेरिडनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी ते मानले नाही. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, दरवाजावर पहारा बसविला, आणि तयार गाड्या व यंत्रे बाहेर जाऊ दिली नाहीत. सुमारे दीड वर्ष हा लढा चालला. मजूर सरकारमधील उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने सरकारने सुमारे ५० लाख पौंडांचे साहाय्य दिले, आणि १९७५ मध्ये मेरिडनचा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा झाला. आरंभी तेथे सर्वांना समान वेतन होते. १९८१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या लग्नानिमित्त जी खास 'बॉनव्हिल' निघाली, तीदेखील या कामगारांच्या सहकारी कारखान्यातूनच निघाली! १९८३ मध्ये संस्था बुडाली. नाव आणि हक्क जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतले, हिंक्ली येथे नवा कारखाना उभारला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्या नावाने नव्या गाड्या आणल्या.

या इतिहासाचा अर्थ स्पष्ट आहे. १९७३ मध्ये मालकांनी मेरिडनवर पाणी सोडले होते. त्यानंतरची दहा वर्षे 'बॉनव्हिल' चालू राहिली ती कामगारांनी दरवाजे अडविले म्हणून आणि स्वतः मालक होऊन गाड्या घडविल्या म्हणून. त्यांनी तसे केले नसते तर १९८३ मध्ये विकत घेण्यासारखे जिवंत नाव कितपत उरले असते, याचा विचार वाचकांनी करावा. आज ज्याला 'वारसा' म्हणून दुकानात लावले जाते त्यातला एक मोठा तुकडा संपकरी कामगारांनी जगविलेला आहे. परंतु वारशाच्या जाहिरातीत बहुधा दिसतो तो १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटातला नट, ट्रायम्फवरून कुंपणावर झेपावणारा. गंमत अशी की ती गाजलेली उडीदेखील नटाने मारलेली नव्हती. ती बड एकिन्स या त्याच्या बदली स्वाराने मारली. कष्ट करणाऱ्याला पडद्यामागे ठेवायचे आणि नाव पुढे विकायचे, ही रीत अशी जुनी आहे.

हा केवळ ट्रायम्फचा अपवाद नव्हे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकापासून जावा आणि येझदी गाड्या निघत. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिंद्र समूहातल्या क्लासिक लेजंड्स कंपनीने जावा हे नाव पुन्हा बाजारात आणले. गाडी तयार होऊ लागली मध्य प्रदेशात पिथमपूरला. जुन्या जावाच्या भक्तांनी तेव्हाही आवाज बदलल्याची, धूर नाहीसा झाल्याची तक्रार केली. म्हैसूरचे जे हात त्या नावामागे होते ते नावाबरोबर परत आले नाहीत, ही तक्रार मात्र क्वचितच कोणी केली.

नाममुद्रा, म्हणजे ज्याला बाजार 'ब्रँड' म्हणतो ती, अर्थशास्त्राच्या भाषेत काय आहे? ती यंत्र नव्हे, कच्चा माल नव्हे, श्रमही नव्हे. ती जमिनीसारखी आहे. जमीनदार नांगर धरीत नाही, पण जमीन त्याच्या नावावर असल्यामुळे त्याला खंड मिळतो. तसेच जुन्या नावाचा मालक नट आवळीत नाही, पण नाव त्याच्या दप्तरी असल्यामुळे किमतीतला एक हिस्सा त्याच्याकडे जातो. त्याच ताकदीची, त्याच धातूची गाडी बिननावाची असेल तर जेवढी किंमत येईल आणि नाव कोरल्यावर जेवढी येते, त्यांतले अंतर म्हणजे हा खंड. लहान गाड्या काढण्याचे मर्मही यातच आहे. मोठ्या गाड्या थोड्यांना विकून मिळणाऱ्या खंडापेक्षा लहान गाड्या पुष्कळांना विकून मिळणारा खंड अधिक मोठा असू शकतो. जमीनदाराने मोठे रान तुकडे करून अनेक कुळांना लावावे, तसाच हा व्यवहार. तुकडा लहान झाला म्हणून जमीनदारी संपत नाही.

निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे उदाहरण परके वाटू नये. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी महाराष्ट्रात एक तत्त्व कायद्यात उतरविले. कसेल त्याची जमीन. त्याच्या अंमलात पळवाटा पुष्कळ निघाल्या, परंतु तत्त्व कोणी नाकारले नाही. ज्याच्या श्रमाने जमिनीला मोल येते त्याचा तिच्यावर हक्क, हे तत्त्व जर शेतात खरे असेल तर ते कारखान्याच्या दाराशी येताच खोटे का व्हावे? नावाला मोल येते ते घडविणाऱ्यामुळे. एक हजार गाड्या वाईट निघाल्या तर शंभर वर्षांचे नाव एका वर्षात मातीत जाते. मग घडविणारा हा नावाचा कूळ आहे, आणि कुळाला जे मिळाले त्याची मागणी करण्याचा त्याला अधिकार आहे.

ही मागणी हवेतली नाही. चाकणला ती प्रत्यक्ष झाली आहे. चाकण हेही मुळात पिंपळगावसारखेच कांद्याच्या बाजाराचे गाव. औद्योगिक वसाहतीने त्याचे रूप पालटले. तेथील बजाज ऑटोच्या कारखान्यात जून २०१३ मध्ये विश्वकल्याण कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली संप झाला. वेतनाच्या मागण्यांबरोबर एक आगळी मागणी होती. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग, प्रत्येकी एक रुपया दराने मिळावेत. वृत्तपत्रांनी तिची थट्टा केली, उद्योगपतींनी ती हास्यास्पद ठरविली. सुमारे पन्नास दिवसांनंतर समभागांची मागणी मान्य न होताच संप मागे घ्यावा लागला. परंतु अधिकाऱ्यांना सवलतीच्या दराने समभाग देण्याची पद्धत भारतातल्या कितीतरी कंपन्यांत रूढ आहे आणि तिला कोणी हसत नाही. सुटाबुटातल्या माणसाने मागितले तर ते प्रोत्साहन, आणि निळ्या गणवेशातल्या माणसाने मागितले तर ती आगळीक! मेरिडनच्या कामगारांनी जे ताब्यात घेतले त्याचाच एक लहानसा अंश चाकणच्या कामगारांनी अर्ज करून मागितला होता. दहा वर्षांनी मेरिडनचे नाव त्याच चाकणला आले. नाव आले, मेरिडनचा धडा आला नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे. मेरिडनची संस्था बुडाली, मग तिचे कौतुक कशाला? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. निफाड तालुक्याने तर निफाड आणि रानवड हे आपले दोन्ही सहकारी साखर कारखाने वर्षानुवर्षे बंद राहिलेले पाहिले आहेत. सहकार हा शब्द उच्चारताच येथल्या सभासदाच्या चेहऱ्यावर कडवट हसू येते, आणि त्यात त्याची चूक नाही. परंतु संस्था का बुडतात हे पाहिले पाहिजे. मेरिडनला जुनेच इंजिन घेऊन जगावे लागले. नवे यंत्र घडविण्याइतके भांडवल तिच्यापाशी कधीच नव्हते. वर जपानी गाड्यांची स्पर्धा आणि महागलेला पौंड. निफाडच्या कारखान्यांची कारणे निराळी, त्यांत कर्जाचा आणि कारभाराचा वाटा मोठा. दोन्हींतून निघणारा धडा असा की मालकी एकटी पुरत नाही. तिच्याबरोबर भांडवल, तंत्र आणि चोख हिशेब लागतो. मालकी नको, असा धडा त्यातून निघत नाही. खासगी कारखाने काय बुडत नाहीत? ट्रायम्फ मेरिडनच्या कामगारांच्या हाती आली तीच मुळी खासगी मालकांनी बुडविल्यावर.

आता लहान गाडी 'लहान' कोण ठरवितो तेही पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापेक्षा मोठ्या दुचाकींवर ४० टक्के झाला. म्हणजे बुलेट १८ टक्क्यांच्या बाजूला आणि स्पीड ४०० चाळीस टक्क्यांच्या बाजूला. अशी रेषा ओढल्यावर चारशेचे इंजिन साडेतीनशेच्या आत कसे बसवावे, हे कारखानदाराला शिकवावे लागत नाही. स्वार मात्र पन्नास सीसींच्या फरकात आत्मा गेला की राहिला यावर रात्री जागविणार! ज्याला ते परंपरेचे पावित्र्य समजतात ते अर्थखात्याच्या एका ओळीवर उभे आहे.

आणि दुरुस्ती? जुन्या बुलेटचे इंजिन गावातला मिस्त्री झाडाखाली उघडीत असे. त्याचे ज्ञान हातात होते आणि ते त्याच्या मालकीचे होते. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले, कार्बुरेटर गेले, इंधन सोडण्याचे काम संगणकाकडे आले. हवा स्वच्छ व्हावी यासाठी हे आवश्यकच होते; त्याविरुद्ध ओरडणे हा करंटेपणा ठरेल. परंतु त्याबरोबर यंत्राची किल्लीही गावाबाहेर गेली. दोष शोधण्याचे उपकरण, त्याची आज्ञावली आणि माहितीपुस्तिका कंपनीच्या अधिकृत केंद्रात. गावातला मिस्त्री फक्त चाक काढून पंक्चर जोडणार. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वाहन उद्योगाचा त्यात समावेश केला. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवणे निराळे आणि कायद्याने बंधन घालणे निराळे. वादाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या शहाण्या माणसांचा प्रश्न हाच होता. किंमत खाली आली. ज्ञान मात्र खाली आले नाही.

समाजवादी वर्तुळातलाही एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. पुष्कळ जुने कार्यकर्ते हा सारा विषय 'चंगळवाद' या एका शब्दात निकालात काढतात. तरुणाने दोन लाखांची गाडी घेतली की तो चळवळीला मुकला, असे ते धरून चालतात. हे बरोबर नाही. संध्याकाळनंतर एसटीची फेरी नाही, ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातल्या संपाने खेड्यातल्या माणसाला बसवर विसंबून राहण्याचे भय दाखविलेले, शेत गावापासून चार मैल आणि नोकरी नाशिकच्या अंबड-सातपूरला. अशा माणसासाठी दुचाकी ही चैन नव्हे, पाय आहेत. आणि चांगल्या यंत्राविषयी त्याला वाटणारे प्रेम ही घडविणाऱ्याच्या कौशल्याला दिलेली दादच आहे. ते प्रेम नावापाशी अडकते, हातांपर्यंत पोचत नाही, हा दोष त्याचा नाही. तो मार्ग त्याला कोणी दाखविलेला नाही.

दुसऱ्या टोकाला लहान यंत्राच्या नावाने भुलणारेही आहेत. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला होता. मग स्वस्त, लहान मोटारसायकल ही त्याच वाटेवरची नव्हे काय? मुळीच नव्हे. लोहियांचे लहान यंत्र मालकीने लहान होते. थोड्या भांडवलावर, गावाच्या हुकमतीत, अनेक हातांना काम देणारे. येथे इंजिन तेवढे लहान आहे. भांडवल पूर्वीहून अवाढव्य, हुकमत पूर्वीहून दूर, आणि हातांना दिलेले काम पूर्वीहून अधिक कच्चे. वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातल्या कारखान्यांत दर दहा कामगारांपैकी चार कंत्राटी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तीनशेपर्यंत कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागेनाशी झाली. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. मेरिडनसारखा प्रसंग उद्या महाराष्ट्रात ओढवला तर दरवाजा अडविण्यापूर्वीच कामगाराचे कंत्राट संपलेले असेल.

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतून दरवर्षी किती तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रमाणपत्र घेऊन चाकण, सिन्नर, सातपूरच्या वाटेला लागतात, ते गावोगावच्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्यांतला एखादा सहा-सात महिन्यांच्या कंत्राटावर साखळीवर उभा राहून ज्या गाड्या जोडतो, त्यांतली एखादी त्याच्याच गावातला त्याचा वर्गमित्र हप्त्यावर घेतो. एक घडवितो आणि त्याला उद्याची खात्री नाही. दुसरा विकत घेतो आणि त्याला भावाची खात्री नाही. दोघांच्या मधून इंग्रजी नाव आणि भारतीय भांडवल आपापला वाटा घेऊन जातात. हे दोघे एकाच बाकावर बसून शिकलेले आहेत. त्यांना एकमेकांसमोर आणून बसविणे, आणि त्यांच्या हिशेबाची दोन पाने जोडून दाखविणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. गाडी खरी की खोटी या वादात कोणत्याही तटाला जाऊन मिळणे हे त्याचे काम नव्हे.

त्या हिशेबातून निघणाऱ्या मागण्या चारच आहेत आणि त्या नि:संदिग्ध शब्दांत मांडल्या पाहिजेत. एक, ज्या कंपन्या नाममुद्रेवर नफा कमावतात त्यांनी कायम, कंत्राटी आणि शिकाऊ अशा सर्व कामगारांना भागभांडवलात वाटा द्यावा. २०१३ ची चाकणची मागणी ही थट्टेची गोष्ट नसून कूळकायद्याची पुढची पायरी आहे. दोन, वर्षभर चालणाऱ्या कामावर कंत्राटी नेमणूक नको. तीन, दुरुस्तीचा हक्क कायद्याने द्यावा. माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे गावातल्या मिस्त्रीला रास्त दराने मिळालीच पाहिजेत. चार, एसटीची फेरी प्रत्येक गावी पहाटे आणि रात्री पोचली पाहिजे, म्हणजे दुचाकी घेणे ही निवड राहील, सक्ती राहणार नाही.

द्राक्षाचा पुढचा हंगाम येईल, पिंपळगावात नव्या गाड्या उभ्या राहतील आणि जुना वाद पुन्हा पेटेल. तेव्हा कार्यकर्त्याने त्यात जरूर बसावे, इंजिनाचे ऐकून घ्यावे, आवाजाचे ऐकून घ्यावे, आणि मग मेरिडनची व चाकणची हकीकत सांगून एवढेच विचारावे की टाकीवर कोरलेल्या या नावासाठी तुम्ही किती रुपये मोजलेत, आणि त्यांतला एक तरी रुपया ते नाव कोरणाऱ्याच्या घरी गेला काय?